मडक्यातला आकडा आणि डब्यातली चिठ्ठी

कार्तिक शुद्ध प्रतिपदेला आपण पाडवा म्हणतो, बलिप्रतिपदा म्हणतो. तिचे आणखी एक नाव आहे, पण त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ते नाव द्यूतप्रतिपदा. या दिवशी कैलासावर शंकर-पार्वती फासे घेऊन बसली आणि भोळा शंकर डाव हरला, अशी कथा आहे. त्या कथेच्या आधाराने वर्षातून एक दिवस जुगाराला घरात पाट मिळाला. उरलेले दिवस त्याने उंबऱ्याबाहेर राहावे, असा त्यातला अलिखित करार. तो त्याने कधीच पाळला नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. मला आज सांगावयाचा आहे तो या इतिहासातला एक लहानसा भाग: आमच्याकडच्या खेड्यापाड्यांतल्या संसारात आकडा शिरला कसा, आणि तो शिरला तेव्हा घरात त्याच्यासाठी जागा कोणी करून ठेवली होती.

आमच्याकडच्या म्हणजे मीरा-भाईंदरच्या. आज दहिसर सोडून गाडी पुढे निघाली की दोन्ही बाजूंना इमारतींच्या भिंतीच भिंती लागतात. २०११ च्या जनगणनेत येथे आठ लाखांवर माणसे मोजली गेली. परंतु येथली महानगरपालिका २००२ सालची आणि तिच्या आधीची नगरपरिषद १९८५ सालची. त्याच्याही मागे गेले की उरतात ती नुसती गावे: राई, मुर्धे, मोर्वे, नवघर, काशी, घोडबंदर, डोंगरी, उत्तन. खाडीकाठी मिठागरांत राबणारे आगरी, त्यांची भातखाचरे, आणि उत्तनकडे कोळ्यांच्या होड्या. मीठ पिकते ते उन्हाच्या दिवसांत. पाऊस आला की मिठागर बुडाले. होड्या पावसाळ्यात किनाऱ्यावर आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात. भात वर्षातून एकदा. अशा घरात पैसा येतो चिमटीने आणि जाताना मागतो ओंजळ. मजुरी रोजची आठवड्याची; पण मुलीचे लग्न, घरावरची कौले, होडीचे लाकूड, आजारपण, यांतले काहीही चिमटीचिमटीने भागत नाही. त्याला एकरकमी पैसा लागतो.

माझे सारे म्हणणे या एका शब्दापाशी आहे: एकरकमी. जुगारावर लिहिणारे बहुतेक लोक 'लोभ' या शब्दापासून सुरुवात करतात आणि तेथेच थांबतात. लोभ कोणाला नाही? पण गरीब घरातला माणूस आकडा लावतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा बंगला नसतो. त्याच्या मनात कौले असतात. रोज उरणारे दोन रुपये घरात टिकत नाहीत. पाहुणा येतो, पोराला ताप येतो, शेजारी हात पसरतो. बँक दूर, आणि सावकाराकडे जावे तर व्याज दाराशी येऊन बसते. मग दोन रुपयांचे दोनशे एकदम कोण करून देईल?

या प्रश्नाला आपल्या बायकांनी एक उत्तर शोधून ठेवलेले होते. ते म्हणजे भिशी. बारा घरच्या बाराजणी दरमहा शंभर रुपये काढतात. बाराशे जमले की एका डब्यात नावांच्या चिठ्ठ्या टाकतात, एखादे लहान मूल डोळे मिटून एक चिठ्ठी उचलते, आणि जिचे नाव निघेल तिला ते बाराशे मिळतात. पुढल्या महिन्यात तिचे नाव डब्यात नाही, पण तिचे शंभर मात्र आहेत. वर्ष संपते तेव्हा प्रत्येकीने बाराशे भरलेले असतात आणि प्रत्येकीला बाराशे मिळालेले असतात.

गणिताच्या तासाला मी मुलांना विचारतो: मग या उद्योगात मिळाले काय? मुले म्हणतात, काहीच नाही. मी म्हणतो, नीट पाहा. एकेकीने आपापल्या घरी साठवले असते, तर बाराशे रुपये जमायला बाराहीजणींना बारा महिने लागले असते. भिशीत पहिलीला ते पहिल्याच महिन्यात मिळाले, दुसरीला दुसऱ्या. बाराजणींपैकी अकराजणींना पैसा लवकर मिळाला, आणि बारावीला उशीर झाला नाही. कोणाचेही नुकसान न होता अकरा घरांचा फायदा झाला. आणि हे घडवले कोणी? चिठ्ठीने, म्हणजे नशिबानेच. भिशीतही सोडत आहे, धडधडते काळीज आहे, 'यंदा माझी लागू दे' म्हणून देवापुढे ठेवलेली सुपारी आहे. फक्त डब्याला मालक नाही. अर्थात, पैसे उचलून पुढचे हप्ते बुडवणारी निघाली की भिशी मोडते. म्हणून ती चुलीला चूल लागून असलेल्या घरांतच टिकते. या घरगुती रीतीचा व्यापार करून लोकांना बुडवणारेही निघाले, आणि १९७८ साली इनामी चिठ्ठ्यांच्या धंद्यावर कायद्याने बंदी घालावी लागली.

आता डब्याला मालक आला की काय होते, तो इतिहास पाहू.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एका जुगाऱ्याचे सूक्त आहे. त्यात फाशांनी नादावलेला माणूस आहे, दुःखी बायको आहे, आई आहे, आणि फासे टाकून शेती कर, असा उपदेश आहे. म्हणजे शेतकरी संसाराला जुगाराचे भय तेव्हापासूनचे. कौटिल्याचा विचार निराळा. त्याने जुगार बंद केला नाही. त्यावर द्यूताध्यक्ष नेमला आणि जिंकलेल्या रकमेत राजाचा शेकडा पाच हिस्सा ठरवला. पुढे सारा इतिहास या दोन टोकांमध्ये हेलकावे खात राहिला. राज्यकर्ता एकदा ऋषीसारखा बोलतो, एकदा कौटिल्यासारखा वागतो.

इंग्रजांनी दोन्ही केले. कलकत्त्यात १८१७ साली त्यांनी सोडतीसाठी खास समिती नेमली आणि तिच्या पैशातून रस्ते केले. मुंबईचा टाऊन हॉल, ज्याच्या पायऱ्यांवर आज तरुण मंडळी फोटो काढीत बसतात, तो १८३३ साली पुरा झाला. त्याच्या उभारणीतही सोडतीचा पैसा होता. परंतु १८७० साली त्याच इंग्रजांनी दंडसंहितेत सरकारी परवानगीवाचून सोडतीचे दुकान चालवणे हा गुन्हा ठरवला, आणि १८८७ साली मुंबई इलाख्यात जुगार प्रतिबंधक कायदा आणला. गंमत अशी की तेव्हा मुंबईत लोक पावसावर पैसे लावीत. आज पन्हळ वाहील की नाही, यावर पैजा! या पैजा कायद्याच्या व्याख्येत बसेनात, तेव्हा १८९० साली कायद्यात दुरुस्ती करून पाऊसही आत घ्यावा लागला.

पाऊस गेला, कापूस आला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात सकाळी भाव उघडतो आणि संध्याकाळी बंद होतो, त्याचे आकडे तारायंत्राने मुंबईस येत. त्या आकड्यांतला शेवटचा अंक कोणता येईल, यावर मुंबईत पैसे लागू लागले. 'ओपन' आणि 'क्लोज' हे दोन शब्द मराठी खेड्यांत अगदी निरक्षर म्हाताऱ्याच्याही तोंडी असत, त्यांचे मूळ हे. ज्यांनी कधी कापसाचे बोंड पाहिले नव्हते, ते कापसाच्या भावावर पैसे लावीत होते.

मध्यंतरी आणखी एक लाट येऊन गेली. शब्दकोड्यांची. कोडे सोडवा, फीसह कुपन पाठवा आणि हजारो रुपये मिळवा, अशा स्पर्धा १९५० च्या आगेमागे जोरात होत्या. यात बुद्धी चालते की नशीब, यावर वाद माजला. मुंबई राज्याने १९४८ साली कायदा करून त्यांवर कर बसवला. बंगळूरहून निघणाऱ्या एका पत्राच्या स्पर्धेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९५७ साली न्यायालयाने सांगितले की जुगार हा व्यापार नव्हे; व्यापाराच्या स्वातंत्र्याचे संरक्षण त्याला मिळणार नाही. तत्पूर्वी १९५५ साली संसदेने कायदा करून अशा स्पर्धांची बक्षिसे महिन्याला एक हजार रुपयांवर आणि प्रवेशिका दोन हजारांवर अडवल्या होत्या. टपालाने येणारे घबाड असे बंद झाले.

१९६१ साली न्यूयॉर्कहून येणारे कापसाचे आकडेही बंद झाले. वाटले असेल, आता खेळ संपला. पण लोकांना कापूस कोठे हवा होता? त्यांना आकडा हवा होता. कच्छहून मुंबईस आलेल्या कल्याणजी भगत यांनी १९६२ साली वरळीला आपला खेळ मांडला, आणि १९६४ साली रतन खत्री यांनी आपला वेगळा. मडक्यात चिठ्ठ्या टाकायच्या आणि आकडा काढायचा. म्हणून नाव मटका. पुढे चिठ्ठ्या जाऊन पत्ते आले, पण नाव मडक्याचेच राहिले. आमच्या ठाणे जिल्ह्यात पुष्कळांना वाटते की 'कल्याण' हा बाजार कल्याण गावाचा. तसे नाही, ते कल्याणजींचे नाव आहे.

खेळाची रीत सोपी. तीन अंक काढायचे. समजा २, ५, ९ आले. त्यांची बेरीज १६, शेवटचा अंक ६, हा 'ओपन'. रात्री उशिरा पुन्हा तीन अंक, त्यांच्या बेरजेचा शेवटचा अंक 'क्लोज'. दोन्ही मिळून 'जोडी'. एका अंकावर रुपया लावून तो आला तर साधारण नऊ रुपये, जोडी आली तर नव्वदच्या आसपास. लिहून घेणारा रायटर टपरीवर, वर बुकी, त्याच्या वर मडक्याचा मालक. चार आणेही चालत. गिरणगावातल्या कामगारांत हा खेळ फोफावला. गिरणीतला माणूस गणपती-शिमग्याला गावी गेला, त्याच्याबरोबर आकडाही एसटीत बसला. जेथे दैनिक दुसऱ्या दिवशी पोचे, तेथे आकडा टेलिफोनने त्याच रात्री पोचू लागला.

आमच्या शेजारी मिठागरात काम करणारे एक काका होते. १९८५ नंतरची गोष्ट. गिरण्यांचा मोठा संप १९८२ सालीच झाला होता, गिरणगाव ओसरत होते, पण भाईंदरच्या खाडीकाठी आकडा टिकून होता. काकांची एक वही होती. त्यात रोजचा आकडा तारखेवार लिहिलेला. कालच्यावरून उद्याचा निघतो, अशी त्यांची श्रद्धा. कोणाच्या स्वप्नात काय आले, हेही ते विचारीत. एकदा त्यांची दहा रुपयांची जोडी लागली. नऊशे रुपये आले आणि घराच्या पुढल्या पडवीवर मंगलोरी कौले चढली. त्या लाल कौलांनी आमच्या आळीत जेवढा आकडा पसरवला, तेवढा कोणत्याही रायटरने पसरवला नसेल. जो तो त्या पडवीकडे बोट दाखवी.

काकी मात्र गप्प असत. एके दिवशी त्यांनी मला पाटी घेऊन बसवले. रोजचे दोन रुपये धर, म्हणाल्या. वर्षाचे तीनशे दिवस. सात वर्षे. मी गुणाकार केला: चार हजार दोनशे. काकींनी पडवीकडे पाहिले आणि म्हणाल्या, "म्हणजे कौले मीच घेतली की रे. फार महाग घेतली." मागच्या ओटीवरची कौले त्यांनी भिशीच्या पैशातून घातली होती. तिकडे बोट दाखवायला कोणी आले नाही.

हरलेले आकडे दिसत नाहीत आणि लागलेला आकडा दिसतो, हे मटक्याचे खरे बळ. माझे गणित शालान्त परीक्षेपुरतेच आहे, पण तेवढ्यात एक हिशेब बसतो. शंभर माणसांनी शंभर दिवस रोज एकेक जोडी लावली, तर त्यांतल्या सुमारे सदतीस जणांना शंभर दिवसांत एकदाही लागणार नाही. उरलेल्या त्रेसष्टांना निदान एकदा लागेल, आणि गावात चर्चा त्यांचीच होईल.

आता सरकार काय करीत होते ते पाहू. केरळने १९६७ साली राज्याची लॉटरी काढली. तिकीट एक रुपयाचे, पहिले बक्षीस पन्नास हजारांचे, आणि पहिली सोडत २६ जानेवारी १९६८ ची. महाराष्ट्रात वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १२ एप्रिल १९६९ रोजी महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू झाली. लोकांनी मटक्यासारख्या बेकायदा जुगाराकडे वळू नये आणि विकासकामांना पैसा मिळावा, असे दोन हेतू तिच्यामागे होते. कौटिल्याचा द्यूताध्यक्ष पुन्हा गादीवर बसला.

याच वर्षी तीन महिन्यांनी, १९ जुलै १९६९ रोजी, केंद्र सरकारने चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण केले. बँका खेड्यांत न्यावयाच्या, लहान माणसाला कर्ज द्यावयाचे, हा त्यातला एक मोठा हेतू होता. मला या दोन तारखा नेहमी शेजारी शेजारी ठेवाव्याशा वाटतात. एकरकमी पैशाची भूक सरकारने एकाच वर्षी दोनदा ओळखली. एकदा तिला तिकीट दिले, एकदा बँक देऊ केली. तिकीट बाजारच्या दिवशी सायकलवरून येऊ शकते. त्याला ना खाते लागते, ना जामीन, ना साहेबाची सही. बँकेच्या पायरीवर काकींसारख्या बाईचे पाऊल पडायला पुढे कितीतरी वर्षे जावी लागली. १९७५ साली महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि १९९२ साली नाबार्डने बचत गट बँकांना जोडण्याचे काम हाती घेतले, तेव्हा कोठे बायकांच्या गटाला गट म्हणून कर्ज मिळण्याची वाट खुली झाली. बचत गट म्हणजे काय, तर भिशीचीच शिकलेली बहीण.

सरकारी तिकिटाने मटका मेला का? नाही. उलट १९९० नंतर निरनिराळ्या राज्यांच्या लॉटऱ्या एकेरी अंकावर बक्षिसे देऊ लागल्या; म्हणजे मटकाच सरकारी कागदावर छापून आला. त्यात इतकी घरे होरपळली की संसदेने १९९८ साली लॉटरी नियमन कायदा करून एकेरी अंकाचे बक्षीस बंद केले आणि भव्यतम सोडती वर्षाला सहापेक्षा जास्त नकोत, असे ठरवले.

हे काही आपल्याच मातीचे वैगुण्य नव्हे. ब्राझीलमध्ये रिओ शहरी १८९२ साली एका सरदाराने आपल्या प्राणिसंग्रहालयाला गर्दी व्हावी म्हणून तिकिटावर प्राण्याचे चित्र छापले. पंचवीस प्राणी, संध्याकाळी ज्याचे चित्र निघेल त्याला बक्षीस. तो खेळ संग्रहालयाच्या भिंतीवरून उडी मारून देशभर गेला, बंदी येऊनही टिकला. तेथेही माणसे स्वप्नात साप दिसला तर सापावर पैसे लावतात. काका पोर्तुगीज बोलत असते, तर त्यांचे तेथे छान जमले असते.

काही शहाण्यांनी मात्र भिशीची युक्ती मोठ्या प्रमाणावर वापरून पाहिली. विलायतेत १९५६ साली मॅकमिलन यांनी असे रोखे काढले की ज्यांवर व्याज नाही. व्याजाची रक्कम सोडतीने बक्षीस म्हणून वाटायची आणि मुद्दल ज्याचे त्याला परत. आपल्या सरकारनेही १९६० साली बिनव्याजी बक्षीस रोखे काढले होते. नशिबाची हौस भागली आणि मुद्दलही वाचले. आज आमच्याकडे म्हाडाच्या घरांच्या सोडतीला जी गर्दी होते, तीही याच जातीची. तिच्या कोकण मंडळाच्या सोडतीत मीरा रोडचीही घरे होती. नंबर लागला नाही, तर माणूस हिरमुसतो खरा. पण अनामत रक्कम परत मिळते.

आता मडके खिशात आले आहे. मोबाईलवर पैसे लावून खेळायच्या खेळांनी तरुण पोरांना असे धरले की २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेला त्यांवर बंदी घालणारा कायदा करावा लागला. काकांची वही निदान घरात सर्वांच्या नजरेस पडत होती. मोबाईलमधली वही काकींना दिसत नाही, पाटीवर गुणाकार करणाऱ्या पोरालाही दिसत नाही.

कायदे असावेत. पण १८८७ पासूनचे कायदे पाहिले की एवढे कळते की पावसावर बंदी आली तेव्हा खेळ कापसावर गेला, कापूस थांबला तेव्हा मडक्यात गेला. ज्या घराला एकरकमी पैसा मिळण्याची सरळ वाट असते, त्या घरात त्याला पाय ठेवायला जागा कमी मिळते. ती वाट बँक देवो, बचत गट देवो, नाहीतर शेजारणींचा पत्र्याचा डबा देवो.

पाडव्याला फराळ झाल्यावर घरातली पोरे पत्ते मागतीलच. त्यांना या वर्षी शंभर चिंचोके द्या. ते सर्वांत सारखे वाटा, कोणी कोणाशीही खेळा, फक्त घरातल्या एकाला मडक्याचा मालक करा आणि प्रत्येक फेरीला जेवढे चिंचोके डावावर आहेत त्यांचा दहावा हिस्सा त्याला उचलू द्या. सर्वांनी सगळे चिंचोके लावले, तर पहिल्या फेरीनंतर नव्वद उरतील, दुसरीनंतर एक्याऐंशी, तिसरीनंतर त्र्याहत्तर. दहा फेऱ्या झाल्या की ओंजळ पसरून मोजा. कोणी जिंकलेला असेल, कोणी हरलेला, भांडणेही झाली असतील. पण सर्वांचे मिळून पस्तीसच उरलेले असतील. मग आजीला विचारा, तिच्या भिशीच्या डब्यात वर्षाअखेर किती चिंचोके उरत असत.